एलएचबी डब्यातली रात्र: नागपूर ते पुणे प्रवासाचे परीक्षण

गेल्या तीन वर्षांत आईला घेऊन मी नागपूरहून पुण्याला आणि पुण्याहून नागपूरला दहा-बारा वेळा रात्रीच्या गाडीने गेले आहे. तिच्या कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया पुण्यात झाली आणि तपासण्याही तिथेच होतात. शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना डॉक्टरांनी ज्या सूचना लिहून दिल्या, त्यांत एक सूचना अशी होती की लांबचा प्रवास करायचाच झाल्यास तो आडवे पडून करावा आणि कमरेला हिसके बसणार नाहीत असे वाहन निवडावे. मोटारीत आडवे पडता येत नाही, बसमध्ये पडता आले तरी हिसके चुकत नाहीत, त्यामुळे रेल्वेच उरली. तेव्हापासून तिकीट काढताना गाडीचे नाव आणि वेळ पाहण्याआधी तिचे डबे कोणत्या बनावटीचे आहेत हे मी पाहू लागले. हे परीक्षण म्हणूनच एखाद्या गाडीचे नाही, तर आज लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांना लागणाऱ्या एलएचबी बनावटीच्या डब्याचे, आणि त्यातही वातानुकूलित तीन-टियर वर्गाचे आहे. ज्या प्रवासांत आम्हाला त्रास झाला त्या गाड्यांची नावे मी दिलेली नाहीत.

आधी जुन्या डब्याविषयी सांगायला हवे, कारण तुलना त्याच्याशी आहे. चेन्नईतील पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून बनू लागलेले डबे स्विस आराखड्यावर आधारलेले होते. त्या कारखान्याच्या, म्हणजे इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या, आद्याक्षरांवरून त्यांना आयसीएफ डबे म्हणतात आणि आपल्यापैकी पन्नाशीच्या आतबाहेरच्या सर्वांचे बालपणीचे रेल्वेप्रवास त्याच निळ्या किंवा तपकिरी डब्यांतून झालेले आहेत. एलएचबी ही अक्षरे लिंके-हॉफमन-बुश या जर्मन कंपनीची. तिच्याशी नव्वदच्या दशकात करार झाला, पहिले काही डबे तिकडून आले आणि पुढे पंजाबातील कपूरथळ्याच्या कारखान्यात ते तयार होऊ लागले. सुरुवातीची बरीच वर्षे ते राजधानी-शताब्दीसारख्या मोजक्या गाड्यांनाच मिळत. जुन्या आराखड्याचा शेवटचा डबा पेरांबूरहून जानेवारी २०१८ मध्ये बाहेर पडला. तरी आधी बनलेले डबे आयुर्मान संपेपर्यंत वापरले जातात, म्हणून काही गाड्या अजून जुन्याच डब्यांनिशी धावतात.

आपण बोलताना आख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. रेल्वेच्या लोकांच्या तोंडी मात्र बोगी म्हणजे डब्याखालचा चार चाकांचा गाडा, आणि प्रत्येक डब्याखाली असे दोन गाडे असतात. प्रवाशाच्या पाठीला काय सोसावे लागणार हे मुख्यतः या गाड्यावर ठरते. एलएचबीच्या बोगीचा आराखडा फियाटचा आहे. चाकाच्या आसाजवळ एक स्प्रिंग आणि बोगी व डबा यांच्यामध्ये दुसरी, अशी दुहेरी रचना जुन्या बोगीतही होती. नव्या बोगीत तिच्या जोडीला उभे, आडवे आणि वळण्याचे हेलकावे वेगवेगळे शोषून घेणारे दट्टे बसवलेले आहेत आणि डबा एका अंगाला कलू नये यासाठी एक आडवा दांडा आहे. वेग वाढला की जुन्या डब्याची बोगी रुळांच्या मधोमध न राहता डावी-उजवी नागमोडी धावू लागे आणि बाजूच्या वरच्या बर्थवर झोपलेल्या माणसाला ते कुशीवरून कुशीवर लोटल्यासारखे जाणवे. वळणाचे दट्टे त्यासाठीच आहेत, आणि ते आपले काम करतात हे मी खात्रीने सांगू शकते.

रेल्वेचे अभियंते प्रवासाचा आराम मोजण्यासाठी स्पर्लिंग निर्देशांक वापरतात. डबा किती जोराने आणि किती वेळा हलतो या दोन्हींचा त्यात हिशोब असतो, कारण माणसाच्या शरीराला सगळे हेलकावे सारखे त्रास देत नाहीत. उभ्या दिशेने सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारा हादरा आपल्याला सर्वांत जास्त जाणवतो, तर आडव्या दिशेने त्याहून पुष्कळ संथ, सेकंदाला एक-दोन झोके पुरेसे होतात. आकडा जितका लहान तितका प्रवास सुखाचा. २ म्हणजे हालचाल स्पष्ट जाणवते, ३ म्हणजे ती जोराची पण सोसवणारी असते आणि ३.५ च्या पुढे ती नकोशी होते. जुन्या डब्यांसाठी ३.२५ पर्यंतचा आकडा चालवून घेतला जात असे, एलएचबीसाठी तीच मर्यादा २.७५ आहे. कागदावर हा फरक अर्ध्या अंकाचा दिसतो, पण आईच्या बाबतीत तो बडनेरा ते भुसावळ या पट्ट्यात झोप लागणे आणि न लागणे एवढा मोठा ठरला. जुन्या डब्यातून आलो तेव्हा अकोल्यानंतर ती उठून बसली आणि मनमाडपर्यंत उशी पाठीशी घेऊन बसून राहिली. पुढच्या वेळी एलएचबी डब्यात तिने शेगावला विचारले की आपण कुठे आलो, आणि त्यानंतर पहाटेपर्यंत तिचा आवाज आला नाही.

ब्रेकचा फरक मला आधी कानाने कळला. जुन्या डब्यात ब्रेकचे ठोकळे थेट चाकाच्या धावेवर दाबले जातात. घर्षणाने धाव तापते, झिजते आणि कधी चाक फिरायचे थांबून रुळावर घसरले की त्याचा एक भाग घासून सपाट होतो. असे सपाट झालेले चाक पुढे प्रत्येक फेऱ्याला रुळावर आपटते. रात्री खालच्या बर्थवर कान उशीला टेकलेला असताना एका लयीत येणारा धप-धप आवाज पुष्कळ जणांनी ऐकला असेल, तो बहुतेक वेळा याच चाकाचा असतो, आणि ती धडक झोपलेल्या माणसाच्या पाठीलाही बसते आणि रुळालाही. एलएचबीच्या आसांवर ब्रेकसाठी स्वतंत्र चकत्या असतात, दाब त्यांच्यावर पडतो आणि चाकाची धाव मोकळी राहते. शिवाय एखादा आस घसरू लागला तर ते ओळखून त्याच्यावरचा दाब क्षणभर सोडणारी यंत्रणा डब्यात असते. त्यामुळे गाडी कमी अंतरात थांबते आणि चाकेही सहसा सपाट होत नाहीत. माझे या विषयातले मुख्य म्हणणे इथूनच तयार झाले: आराम आणि सुरक्षा यांना आपण तिकिटाच्या दरासारखे वेगवेगळ्या रकान्यांत मांडतो, पण डब्याखाली वाकून पाहिले तर दोन्ही एकाच लोखंडातून येतात. जो भाग पाठीला हादरा देतो तोच बहुधा रूळ, चाक किंवा जोडणीही कमजोर करत असतो.

शौचालयाचेही तसेच आहे. जैव-शौचालये आल्याने फलाटावरची दुर्गंधी कमी झाली हे सगळ्यांच्या लक्षात येते, परंतु वर्षानुवर्षे रुळांवर पडणाऱ्या मैल्याने रूळ आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या पट्ट्या गंजत असत आणि ते गंजणे आता थांबले, हा त्या बदलाचा मला जास्त मोलाचा वाटणारा भाग आहे. रुळांचे तुकडे सांध्यांनी जोडण्याऐवजी वितळवून एकसंध जोडल्यामुळे ती जुनी खडाड-खट लयही आता बहुतेक मार्गांवर ऐकू येत नाही. काहींना तिची आठवण येते. मला येत नाही, कारण प्रत्येक सांधा म्हणजे चाकाला बसणारा एक ठोका आणि तुटण्याची एक जागा होती.

आता हिसक्यांविषयी, कारण एलएचबीची सर्वांत खरी तक्रार ती आहे. आपला डबा मधोमध असेल तर गाडी सुटताना किंवा स्थानकात शिरताना पुढून मागे एक धक्का साखळीसारखा येतो, आणि बाजूच्या बर्थवर झोपलेल्या माणसाला पायापासून डोक्यापर्यंत ओढल्यासारखे होते. जुन्या डब्यांना दोन बाजूंना गोल बफर आणि मध्ये फिरवून घट्ट करायची स्क्रूची जोडणी असे. ती हाताने आवळली जाई आणि बफर एकमेकांवर दाबून राहत. एलएचबीमध्ये बफर नाहीत, मध्ये एकच आपोआप अडकणारी जोडणी आहे आणि ओढण्याचा व ढकलण्याचा सगळा भार तिच्या मागे बसवलेल्या धक्काशोषकावर येतो. सुरुवातीच्या वर्षांत त्या शोषकात मोकळीक राहत असे आणि प्रवाशांनी हिसक्यांच्या पुष्कळ तक्रारी केल्या. पुढे दोन्ही दिशांना समतोल राखणारे सुधारित शोषक बसवण्यात आले. आमच्या अलीकडच्या पाच प्रवासांपैकी तीन प्रवासांत हिसके इतके कमी होते की आईला उठून विचारावे लागले नाही. एका प्रवासात मात्र पहाटे एका मोठ्या स्थानकावर इंजिन जोडताना असा धक्का बसला की बाजूच्या बर्थवरची पाण्याची बाटली जाऊन समोरच्या दाराशी थांबली आणि आईने कमरेला हात लावून डोळे मिटून घेतले. बनावट तीच आणि अनुभव इतका वेगळा, म्हणजे जोडणीची देखभाल आणि लोको पायलटचा हात या दोन गोष्टी आराखड्याइतक्याच मोलाच्या आहेत. गाडी अलगद उचलणारा आणि अलगद उभी करणारा चालक प्रवाशाला कधी दिसत नाही. पुण्यात उतरल्यावर फलाटावरून पुढे जाऊन त्याचे आभार मानावेत असे मला एकदा फार वाटले होते आणि आईची चाकांची खुर्ची आल्यामुळे ते राहून गेले.

ज्यांच्या घरी मणक्याचे, मानेचे किंवा अलीकडच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण आहेत त्यांच्यासाठी बर्थच्या निवडीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण हे मला कोणी सांगितले नव्हते. डब्याच्या दोन्ही टोकांजवळचे बर्थ बोगीच्या डोक्यावर येतात आणि उभे हादरे तिथे अधिक लागतात. मधल्या भागात ते निम्म्यावर आल्यासारखे वाटतात. एलएचबी तीन-टियरमध्ये ७२ बर्थ असतात, आठ-आठ बर्थचे नऊ कप्पे, म्हणून २५ ते ४८ हे क्रमांक मधले, आणि त्यांपैकी २५, २८, ३३, ३६, ४१ आणि ४४ हे आतल्या बाजूचे खालचे बर्थ. जुन्या डब्यात याच वर्गाचे ६४ बर्थ असतात, तेव्हा आरक्षणाच्या आराखड्यात ६४ च्या पुढचे क्रमांक दिसले की डबा नव्या बनावटीचा आहे हेही कळते. फलाटावर उभे असाल तर डब्याच्या टोकाकडे पाहावे. दोन गोल बफर दिसले तर डबा जुना. बाजूचा खालचा बर्थ आडव्या माणसासाठी मी टाळते, कारण तो गाडीच्या लांबीच्या दिशेने असतो आणि जोडणीचा प्रत्येक हिसका डोके ते पाय असा सरळ मणक्यातून जातो. शिवाय दोन खुर्च्या पाडून केलेल्या त्या बर्थच्या मध्ये फट राहते. नव्या डब्यांत त्या फटीवर सरकवण्याची स्वतंत्र फळी दिलेली असते, ती मात्र खरोखर चांगली सोय आहे. आतल्या बर्थवर हिसका कुशीवरून जातो आणि शरीर तो अधिक सहज सोसते. ४५ वर्षांवरील महिलांना आणि ज्येष्ठांना खालचा बर्थ देण्यास आरक्षण प्रणाली प्राधान्य देते, पण एकाच तिकिटावर चार-पाच जण असले की तो लाभ मिळेलच असे नाही. म्हणून आईचे आणि माझे तिकीट मी दोघींपुरतेच काढते.

अपघात होतो तेव्हा डबा कसा वागतो, हा या परीक्षणाचा गंभीर भाग आहे. २० नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे कानपूरजवळ पुखरायां येथे इंदूर-पाटणा एक्सप्रेस रुळांवरून घसरली आणि सुमारे दीडशे माणसे गेली. ते डबे जुन्या बनावटीचे होते. स्क्रूची जोडणी तुटली, डबे एकमेकांवर चढले आणि एकमेकांत घुसले, आणि मृत्यूंचे मोठे कारण ते घुसणे होते. एलएचबीची मधली जोडणी डब्यांना सहसा एकमेकांवर चढू देत नाही, घसरले तरी डबे बहुधा एका ओळीत राहतात, आणि डब्याचा सांगाडा स्टेनलेस स्टीलचा असल्याने तो कागदाच्या खोक्यासारखा चुरगळत नाही. ११ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री चेन्नईजवळ कवरैपेट्टै येथे म्हैसूरहून दरभंग्याला निघालेली बागमती एक्सप्रेस बाजूच्या मार्गावर शिरून उभ्या मालगाडीवर आदळली. डबे घसरले, काहींना आग लागली, प्रवासी जखमी झाले, पण कोणाचा मृत्यू झाला नाही. ते डबे एलएचबी होते. असे असले तरी या बनावटीकडे कवच म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोरजवळ बहानगा बाजार येथे कोरोमंडल एक्सप्रेसही एलएचबी डब्यांचीच होती. सिग्नलच्या जोडणीतील चुकीमुळे ती पूर्ण वेगात बाजूच्या मार्गावरच्या मालगाडीवर गेली आणि त्या अपघातात २९० हून अधिक माणसे मरण पावली. त्या वेगाला कोणताही डबा पुरा पडत नाही. तिथे अपघात होऊच न देणारी यंत्रणा हवी असते.

महाराष्ट्रातील वाचकांना हे माहीत असावे म्हणून नमूद करते की जुन्या डब्यांचे उत्पादन थांबवून पूर्णपणे एलएचबीकडे वळावे अशी शिफारस डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये केली होती. सिग्नल यंत्रणा आधुनिक करणे आणि रूळ ओलांडण्याची फाटके बंद करणे हेही त्याच अहवालात होते, आणि सगळ्याचा खर्च पाच वर्षांत सुमारे १ लाख कोटी रुपये धरला होता. शिफारस आणि शेवटचा जुना डबा यांत सहा वर्षे गेली, आणि पुखरायां त्या सहा वर्षांच्या आत घडले. गाडी धोक्याच्या सिग्नलपुढे जाऊ लागली तर आपोआप ब्रेक लावणारी ‘कवच’ ही स्वदेशी यंत्रणा २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारली गेली. मनमाडपासून मराठवाड्यातून मुदखेडकडे जाणाऱ्या मार्गावर ती तुलनेने लवकर बसली, इतरत्र काम टप्प्याटप्प्याने चालू आहे. डब्याविषयी समाधान व्यक्त करताना मी हे दोन शब्द नेहमी जोडून बोलते: डबा आणि सिग्नल.

डब्याच्या आतल्या सुरक्षेकडे वळते. वातानुकूलित एलएचबी डब्यांत धूर ओळखून ब्रेक लावणारी यंत्रणा असते, अग्निशामक नळकांडी असतात आणि प्रत्येक डब्यात लाल खुणेच्या आपत्कालीन खिडक्या असतात. हे सगळे असते. ते वापरता येण्याजोगे असते का, हा प्रश्न वेगळा आहे. एका प्रवासात अग्निशामकासमोर तीन मोठ्या सुटकेस आणि एक पोते रचलेले होते, कारण एलएचबी डबा सुमारे दोन मीटरने लांब असला आणि बर्थ वाढले तरी सामानाची जागा त्या प्रमाणात वाढलेली नाही. सहप्रवाशांना विनंती केल्यावर त्यांनी सामान हलवले, आणि त्यांच्यापैकी एकालाही तिथे नळकांडे आहे हे ठाऊक नव्हते. मधल्या आणि वरच्या बर्थची साखळी हा दुसरा मुद्दा. २०२४ मध्ये केरळहून दिल्लीकडे निघालेल्या गाडीत वरचा बर्थ खाली झोपलेल्या प्रवाशावर पडला आणि त्याचा मृत्यू झाला. बर्थ नादुरुस्त नव्हता, साखळी नीट अडकवली गेली नव्हती, असे रेल्वेने सांगितले. ते मान्य केले तरी एका माणसाचा जीव दुसऱ्या अनोळखी माणसाने अंधारात अडकवलेल्या आकड्यावर अवलंबून असावा, ही रचना मला अपुरी वाटते. आकडा पूर्ण बसला की खूण दिसावी किंवा खटका ऐकू यावा एवढी साधी सोय तिथे हवी. आई खालच्या बर्थवर असते, म्हणून मधला बर्थ उघडला की दोन्ही बाजूंचे आकडे मी स्वतः खाली ओढून पाहते आणि वरच्या माणसाला तसे का करते ते सांगते. आजवर कोणीही त्याचे वाईट वाटून घेतलेले नाही. वर चढण्याची शिडी ही या डब्याची उघड उणीव आहे. पायऱ्या अरुंद आहेत, वरच्या टोकाला धरायला नीट जागा नाही, आणि साठीच्या माणसाला रात्री दोन वाजता त्यावरून उतरावे लागणे धोक्याचे आहे.

भुसावळ सोडून गाडी जळगाव-पाचोरा मार्गाला लागते तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते, आणि परधाडे स्थानकाच्या आसपास मी अनेकदा जागी असते. २२ जानेवारी २०२५ च्या दुपारी याच ठिकाणी लखनौहून मुंबईला येणाऱ्या पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, प्रवासी घाबरून खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून विरुद्ध दिशेने वेगात आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली त्यांपैकी किमान बारा जण मरण पावले. आग लागलीच नव्हती. त्या दिवसाच्या बातम्या वाचताना मला वारंवार वाटत राहिले की या प्रवाशांना डब्याने वाचवले होते आणि माहितीच्या अभावाने मारले. उतरायचेच झाले तर कोणत्या बाजूला उतरायचे, शेजारच्या रुळाकडे का उतरायचे नाही, आपत्कालीन खिडकी कुठे आहे, धूर दिसला तर गाडी थांबवण्याआधी शेजारच्या डब्यात सरकणे का बरे, हे प्रवाशाला सांगायला हवे. विमानात अशा सूचना प्रत्येक उड्डाणाआधी देतात. चौदा-पंधरा तासांच्या गाडीत मी ते एकदाही ऐकलेले नाही. आईबरोबरच्या या सर्व प्रवासांत डब्यातल्या सुरक्षेविषयी जे काही कळले ते भिंतीवरच्या लहान अक्षरांतल्या पाट्यांवरून, आणि त्या पाट्यांसमोर बहुधा कोणाची तरी टॉवेल वाळत असते. डब्यातच ध्वनिक्षेपक बसवण्याइतके तंत्र आता अवघड नाही. गाडी सुटल्यानंतर मराठी, हिंदी आणि त्या मार्गाच्या भाषेत दोन मिनिटांची सूचना दिली तरी पुष्कळ होईल. तोवर मी माझ्यापुरते एक करते: गाडी सुटली की कप्प्यातल्या मुलांना लाल खुणेची खिडकी दाखवते. मुले ती गोष्ट मोठ्यांपेक्षा जास्त लक्षात ठेवतात.

ऑगस्ट २०२५ पासून नागपूरच्या अजनी स्थानकाहून अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली आहे, त्यामुळे दिवसा जाण्याचा पर्याय आहे, आणि चालण्याच्या गुणवत्तेत ती एलएचबीच्या पुढे आहे. तिचे डबे एकमेकांना जवळजवळ कायमचे जोडलेले असतात, म्हणून हिसका असा बसत नाही, हवेच्या स्प्रिंगांमुळे हादरे मऊ होतात आणि दारे आपोआप बंद होत असल्याने दाराशी उभे राहून पडण्याचा प्रश्नच येत नाही. धडधाकट माणसाने तिने जरूर जावे. परंतु सुमारे बारा तास खुर्चीत बसणे आईला शक्य नाही, म्हणून आमच्यासाठी रात्रीचा बर्थच आवश्यक आहे.

ऑनलाइन तिकीट काढताना विम्याच्या चौकोनात खूण करायला विसरू नये. हप्ता रुपयाहूनही कमी आहे आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र तिकिटानंतर येणाऱ्या दुव्यावर जाऊन वारसाचे नाव स्वतः भरावे लागते, आणि ते अनेक जण भरत नाहीत. तक्रारीसाठी आणि वैद्यकीय मदतीसाठी १३९ हा एकच क्रमांक पुरेसा आहे. एकदा रात्री आईला चक्कर आली तेव्हा मी तो लावला. पुढच्या मोठ्या स्थानकावर डॉक्टर डब्यात आले, रक्तदाब पाहिला आणि गाडी सुटण्याआधी उतरले. त्या डॉक्टरांची आणि त्यांच्यासोबत पिशवी घेऊन धावत आलेल्या कर्मचाऱ्याची मला आजही आठवण येते.

मणक्याच्या रुग्णासाठी मी एलएचबी तीन-टियर डबा, मधल्या कप्प्यातील आतला खालचा बर्थ, निःशंकपणे सुचवेन, आणि जुन्या डब्यांची गाडी सोयीच्या वेळेला असली तरी तिने जाऊ नका असे सांगेन. दोन-टियरचा जादा दर हिसक्यांसाठी देण्यात अर्थ नाही, कारण बोगी आणि जोडणी तीच असते. मोकळ्या जागेसाठी आणि मधला बर्थ नसल्यामुळे मिळणाऱ्या बसण्याच्या सोयीसाठी द्यायचा असेल तर तो योग्य आहे. आईची पुढची तपासणी तीन आठवड्यांनी आहे. तिकीट मिळाले आहे, तिचा क्रमांक ३६ आणि माझा ३५, म्हणजे तिच्या समोरच्या बाजूचा अगदी वरचा बर्थ. मधल्या बर्थचे आकडे नेहमीप्रमाणे मी ओढून पाहीनच, आणि त्या शिडीवरून रात्री उतरताना एक हात खिडकीच्या पट्टीला धरून उतरेन.